धारच्या नळाच्या सात खेपा

धारहून पत्र आलं की गणोजी तांबट ते लगेच उघडत नसे. हातातल्या हंड्यावर उरलेले ठोके मारी, हंडा पालथा करून बूड निरखी, लोटाभर पाणी पिई, आणि मग मोडीतल्या त्या चार ओळी वाचून बायकोला सांगे, "सुभद्रे, दशम्या कर."

"पुन्हा नळ?"

"पुन्हा नळ."

१९०६ ते १९०९ या काळात त्या एका नळासाठी गणोजीने देवास ते धार अशा सात खेपा केल्या. बैलगाडीने जायचं तर इंदूर, बेटमा, घाटाबिल्लोद करत तीन दिवस जायला आणि तीन यायला. तेवढ्या दिवसांत देवासातली गिऱ्हाइकं दुसऱ्या तांबटाकडे जात आणि परत आल्यावर गणोजी त्यांच्यावर चिडे. खरं म्हणजे तो चिडलेला असे तात्यासाहेबांवर. पण तात्यासाहेब धारला होते आणि गिऱ्हाईक समोर होतं.

गणोजीचं घराणं पवारांच्या स्वाऱ्यांबरोबर पुण्याकडून माळव्यात आलं ते इथलंच झालं. घरात बोलणं मराठी, बाजारात माळवी, आणि राग आला की दोन्हींची खिचडी. बंब करण्यात त्याचा हात धरणारा देवासच्या थोरल्या-धाकट्या दोन्ही पात्यांत कोणी नव्हता. त्याच्या बंबाच्या सांध्याचा डाख वीस वर्षं गळत नाही, असं लोक म्हणत. तात्यासाहेब तेव्हा देवासला पागेवर अधिकारी होते. त्यांनी एक मोठा बंब त्याच्याकडून करून घेतला आणि नोकरी सोडून धारला आपल्या घरी गेले तेव्हा तो बंबही गाडीत घालून नेला. धारमध्ये तांबट नव्हते असं नाही. पण पहिल्या दोन वर्षांतच तात्यासाहेबांचं त्यांतल्या तिघांशी भांडण झालं आणि चौथा त्यांच्या दारावरून जाईना.

त्यांना अर्धांगवायूचा झटका आला १९०५च्या थंडीत. काठी घेऊन चालण्याइतके ते बरे झाले, पण डाव्या अंगाला ऊन की गार ते कळेना. त्यातच एके दिवशी त्यांनी गड्याला, माधवला, न्हाणीतून बाहेर घालवलं, स्वतः घंगाळात पाणी काढलं आणि डावा पाय आत ठेवून खुशाल अंग चोळत बसले. पाणी कढत होतं. पुढे जमुनाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, पाय पुसायला बसल्या तेव्हा पंचाबरोबर कातडी सुटून आली. ती बघून जमुनाबाई ओरडल्या, तेव्हा तात्यासाहेबांना कळलं की पाय भाजला आहे.

पाय बरा व्हायला अडीच महिने लागले. त्यानंतर गणोजीला पहिलं पत्र आलं.

"मला असा नळ करून दे," तात्यासाहेब म्हणाले, "की त्यातून कढत पाणी येणारच नाही."

"गार पाण्याचा करून देतो, साहेब."

"थट्टा करू नकोस. ऊन पाणी पाहिजे. अंगाला सोसेल एवढंच ऊन. खाली बंब किती का पेटलेला असेना. आणि वरून झारीसारखं पडलं पाहिजे, म्हणजे मला वाकायला नको."

"त्यापेक्षा माधव आधी हात घालून बघेल की."

"माधव न्हाणीत येणार नाही. कोणीच येणार नाही. सात वर्षांचा झाल्यापासून मला कोणी न्हाऊ घातलेलं नाही."

असं पाणी ओळखणारा नळ कुठे नसतो, असं मनाशी म्हणत गणोजी जोडे घालायला बाहेर आला. चौकात जमुनाबाई उभ्या होत्या.

"गणोजी, नाही म्हणालात का?"

"अजून म्हटलं नाही, बाईसाहेब. पण म्हणणार आहे."

"ते आतून कडी लावतात," त्या हळू म्हणाल्या. "मी दाराबाहेर पाट टाकून बसते. तांब्याचा आवाज ऐकत. थोडा वेळ आवाज आला नाही की माझा जीव जातो. त्यांना ठाऊक नाही मी बसते ते. ठाऊक झालं तर तेही बंद करतील. तुम्ही बघा काही होतं का."

"बघतो," गणोजी म्हणाला. तो शब्द तोंडातून गेला याचा त्याला घाटाबिल्लोद यायच्या आतच पश्चात्ताप झाला.

पहिला नळ त्याने केला तो साधा. बंब उंच ओट्यावर ठेवायचा, शेजारी गार पाण्याची टाकी. दोन्हीकडून एकेक नळी खाली येऊन पितळेच्या एका कुंडीत मिळे, आणि कुंडीतून मिसळलेलं पाणी वर टांगलेल्या चाळणीत जाई. दोन्ही तोट्यांवर त्याने खुणा कोरल्या होत्या: ऊन इतकं, गार इतकं. देवासात आपल्या अंगणात त्याने तो आठ दिवस चालवून पाहिला होता. दुसऱ्या खेपेला धारला न्हाणीत बसवला, खुणेवर खूण आणली, पाणी झकास आलं. तात्यासाहेब पाण्याखाली उजवा हात धरून उभे होते. मग बंबातली लाकडं रसरसली आणि पाणी तापत गेलं. तोट्या खुणेवरच होत्या. तात्यासाहेबांनी हात मागे घेतला.

"हात उजवा होता म्हणून कळलं," ते म्हणाले. "काढ हे आणि घेऊन जा."

परतीचे तीन दिवस गणोजी गाडीत त्या नळ्यांकडे पाठ करून बसला. चूक त्याला कळली होती, आणि त्याचाच जास्त संताप होता. खुणा तोटीवर होत्या, पाण्यावर नव्हत्या. बंब तापत जातो, टाकी उतरत जाते, आणि तोटीला त्यातलं काही कळत नाही. पाणी तापलं की कोणीतरी तोटी आवळली पाहिजे. आणि न्हाणीत तर कोणी यायचं नाही.

ही गोष्ट चार महिने तशीच पडून राहिली. तिचा उलगडा झाला तो दुसऱ्याच एका कटकटीतून.

बळवंतराव म्हणून देवासच्या मराठी शाळेत मास्तर होते. त्यांच्या बंबाच्या राखेचं दार वाकतं अशी त्यांची दर हिवाळ्याला तक्रार असे. ते दार पितळेच्या पत्र्याचं होतं, आणि मजबुतीसाठी गणोजीनेच मागून लोखंडाची पट्टी खिळ्यांनी जखडली होती. बळवंतराव दार काढून दुकानात आणत. गणोजी ते ऐरणीवर ठेवून बघे.

"सरळ तर आहे, मास्तर."

"इथे सरळ असतं. घरी वाकतं."

"मी काय तुमच्या घरची नजर काढू?"

असं सहा वर्षं चाललं होतं. त्या साली गणोजी इतका वैतागला की सकाळी उठून मास्तरांच्या घरीच गेला आणि पेटत्या बंबासमोर उकिडवा बसला. दार तापलं तसं हळूहळू वाकलं आणि वरच्या कडेला बोटभर फट पडली. विस्तव विझून दार निवेपर्यंत गणोजी तिथेच बसून राहिला. दार पुन्हा सरळ झालं.

"परत पेटवा," तो म्हणाला.

"अहो, मला शाळेत जायचंय."

"तुम्ही जा. वहिनी पेटवतील."

बळवंतराव दुपारी परत आले तेव्हा गणोजी तिथेच होता आणि बंब तिसऱ्यांदा पेटला होता. तापलं की दार दर वेळी तेवढंच वाकत होतं आणि निवलं की तेवढंच मागे येत होतं. त्याच्या ध्यानात आलं ते असं: तापल्यावर पितळ लोखंडापेक्षा जास्त लांब होतं, दोघं एकमेकांना जखडलेले असले की पितळेला सरळ लांबायला वाव मिळत नाही, म्हणून ते लोखंडाच्या बाजूला वाकतं. बोलला मात्र एवढंच, "मास्तर, सहा वर्षं तुम्ही हे मला नीट सांगितलं नाहीत."

मग त्याने पट्ट्या करायला घेतल्या. वीतभर लांब, एका अंगाला पितळ, दुसऱ्या अंगाला लोखंड, दोन्ही घासून पातळ केलेलं. उकळत्या पाण्यात बुडवायच्या नाहीत, अंगाला सोसेल अशा पाण्यात धरायच्या. काही पट्ट्या हलतच नसत. काहींचे खिळे सैल पडत. बाविसावी पट्टी गार पाण्यातून ऊन पाण्यात घातली की तिचं टोक ज्वारीच्या दाण्याएवढं सरके. सुभद्रा म्हणाली, "दाण्याएवढंच?" गणोजी म्हणाला, "भोकावरचं झाकण तेवढ्यानं लागतं."

ती पट्टी त्याने कुंडीच्या आत बसवली. एक टोक पक्कं, दुसऱ्या मोकळ्या टोकाला घासून बसवलेली पितळी चकती, आणि चकतीच्या समोर ऊन पाणी आत येण्याचं भोक. मिसळलेलं पाणी जास्त तापलं की पट्टी वाके आणि चकती भोकाशी जाऊन ऊन पाणी अडवी. पाणी निवलं की पट्टी मागे येई आणि भोक उघडे. बाहेरून एक स्क्रू होता. तो फिरवला की पट्टी भोकाच्या जवळ किंवा लांब जाई, म्हणजे किती उनावर अडवायचं ते ठरे.

तिसऱ्या खेपेला त्याने तो नळ धारला बसवला. माधवला सांगितलं, घाल लाकडं, आणखी घाल. बंब खदखदू लागला. गणोजीने चाळणीखाली हात धरला तो घटकाभर काढला नाही. पाणी जरा जास्त ऊन येई, जरा कमी, पण हात भाजेल असं एकदाही झालं नाही. आपल्याच हाताकडे तो पुन्हा पुन्हा बघत होता.

तात्यासाहेब आत गेले आणि कडी लागली. जमुनाबाई पाटावर बसल्या. बऱ्याच वेळाने तात्यासाहेब धोतर नेसून, अंगावर पंचा घेऊन बाहेर आले, तोवर पाट उचललेला होता.

"कोमट आहे," ते म्हणाले.

"कोमटच पाहिजे होतं ना, साहेब?"

"कोमट म्हणजे इतकं कोमट नव्हे."

गणोजीने स्क्रू अर्धा फेरा फिरवून दिला, नमस्कार केला आणि गाडीत बसला. इंदूरपर्यंत त्याला बरं वाटत होतं.

दोन महिन्यांनी पत्र: नळ मेला, निघून ये. माळव्यातल्या विहिरींचं पाणी जड. चौथ्या खेपेला पाहिलं तर लोखंडाला गंज चढला होता, त्यावर क्षाराची पांढरी खपली बसली होती, आणि पट्टी फुगून जागच्या जागी अडकली होती. गणोजीने लोखंडाच्या अंगाला नवसागर घासून जाड कल्हई केली, आणि दर महिन्याला पट्टी काढून रात्रभर चिंचेच्या पाण्यात ठेवायची, असं माधवकडून तीनदा म्हणवून घेतलं.

पाचवी खेप पावसाळ्यातली. पत्रात होतं, पाणी गार येते, थंडीने माणूस मरेल. चंबळेला पूर आला होता; घाटाबिल्लोदच्या अलीकडे दोन दिवस गाडी अडकली. धारला पोहोचल्यावर गणोजीने कुंडी खोलली. पट्टी स्वच्छ, चकती मोकळी. मग त्याने बंबालाच हात लावला. बंब माठासारखा गार होता.

माधव म्हणाला, "भिया, लकड्यां गीली थी. म्हूं कईं करूं?"

गणोजी ओट्यावर बसला. "तीन दिवस गाडी," तो म्हणाला, "दोन दिवस चंबळ, आणि लाकडं ओली." मग तात्यासाहेबांकडे वळून त्याने अगदी अदबीनं विचारलं, "साहेब, पत्र लिहिण्याआधी बंब पेटलाय का, एवढं कोणाला बघता येणार नाही का?"

"ते बघणं तुझं काम," तात्यासाहेब म्हणाले. "नळ तुझा आहे."

सहाव्या खेपेला मोठं भांडण झालं. पौषातली थंडी. या वेळी पत्र जमुनाबाईंनी लिहवून घेतलं होतं: पाणी फार ऊन येत आहे. गणोजीने पाहिलं तर स्क्रू पार शेवटपर्यंत फिरवलेला. इतक्या लांब गेलेली पट्टी कितीही वाकली तरी भोकाशी पोहोचणार नव्हती.

"स्क्रू कोणी फिरवला?"

"मी," तात्यासाहेब म्हणाले. "थंडी आहे."

"असा फिरवला तर नळ असून नसून सारखा. पुन्हा पाय भाजेल."

"मी हात धरून बघतो."

"हात उजवा आहे, साहेब. पाय डावा आहे. आज बघाल, उद्या बघाल, परवा विसराल." गणोजीने पिशवीतून हातोडी काढली. "मी इथे खुंटी मारतो. स्क्रू तिच्यापुढे जाणार नाही."

"माझ्या घरात, माझ्या नळाला, तू खुंटी मारणार?"

"हो."

"नको म्हणून सांगतोय मी."

"ऐकलं मी." गणोजीने खुंटी ठोकली, टोक चेपून बसवलं आणि वर डाख लावला, म्हणजे पकडीने ओढली तरी निघू नये. तेवढा वेळ तात्यासाहेब दारात काठीवर रेलून त्याला बोलत होते. तांबटांच्या जातीपासून देवासच्या हवेपर्यंत त्यांनी काही सोडलं नाही. शेवटी म्हणाले, "पुन्हा या घराची पायरी चढू नकोस."

"फार उपकार होतील," गणोजी म्हणाला आणि हत्यारं गोळा केली.

चार महिने पत्र आलं नाही. सुभद्राने एकदा सहज म्हणून धारचा विषय काढला, तर गणोजी जेवणावरून उठला. मग वैशाखात पत्र आलं, आणि आजवरच्या सगळ्या पत्रांहून लांब. लिहिलं होतं की, तुझा नळ अंगाला साबण लावलेला असताना एकाएकी बंद पडला. एक थेंब येईना. आम्ही अर्धा तास तसेच डोळे मिटून बसलो. शेवटी लाजलज्जा सोडून माधवला हाक मारावी लागली. हे तुझ्या त्या खुंटीचे प्रताप. तुझ्यासारखा निकामी कारागीर आम्ही पाहिला नाही. खाली सही.

सहीच्या खाली, बाळबोध लिपीत, मोठ्या वाकड्या अक्षरांत तीन ओळी होत्या. जमुनाबाईंना लिहिता येतं हे गणोजीला ठाऊक नव्हतं.

"विहीर आटली म्हणून टाकीत गार पाणी थोडेच होते. ते मधेच संपले. बंब उकळत होता. नळ आपण होऊन मिटला, ह्यांना कढत लागले नाही. हे मी ह्यांस सांगितले, तरी पत्र धाडायचेच म्हणाले. आपण येण्याची तसदी घेऊ नये."

गणोजीने पत्र दोनदा वाचलं. मग दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला. गार पाणी संपलं, नुसतं कढत कुंडीत आलं, आणि पट्टीने भोक बंद केलं. तो तिथे नव्हता, माधव आत नव्हता, कोणी नव्हतं. स्क्रू शेवटपर्यंत फिरवलेला असता तर? त्यानंतर त्याला राग आला, आणि तो या वेळी स्वतःचा होता. टाकी लहान होती. टाकी त्यानेच केली होती, बंबाच्या निम्मी, कारण भिंतीवर जागा कमी होती.

"सुभद्रे, दशम्या कर."

"येऊ नका म्हणून लिहिलंय ना?"

"टाकी लहान आहे," तो म्हणाला.

मोठी टाकी गाडीत बांधून तो सातव्यांदा धारला गेला. तात्यासाहेब ओसरीवर बसले होते.

"मी बोलावलं नव्हतं."

"मलाही यायचं नव्हतं," गणोजी म्हणाला. "पाय बघू."

तात्यासाहेबांनी उजव्या हाताने डावा पाय उचलून चौरंगावर ठेवला. जुना भाजल्याचा डाग गुळगुळीत, फिकट पडला होता. नवी जखम कुठे नव्हती. गणोजीने अंगठ्याने दाबलं.

"कळतं?"

"नाही."

गणोजीने पाय हलकेच खाली ठेवला आणि तो कामाला लागला. टाकी बसवायला दोन दिवस लागले; भिंत फोडावी लागली. दुसऱ्या दिवशी तात्यासाहेब न्हाणीच्या उंबऱ्याशी पाट घेऊन बसले आणि नळ आतून कसा आहे ते विचारू लागले. इतक्या दिवसांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. गणोजीने कुंडी उघडून त्यांना पट्टी दाखवली, ऊन पाण्यात धरून हलवून दाखवली.

"म्हणजे हिला कळतं," तात्यासाहेब म्हणाले.

"एवढंच कळतं, साहेब. दुसरं काही येत नाही तिला."

"मलाही हल्ली फारसं काही येत नाही," तात्यासाहेब म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "खुंटी राहू दे." आणि लगेच, "टाकी तिरकी लागली आहे." ती खरोखरच तिरकी लागली होती. गणोजीला ती पुन्हा उतरवावी लागली.

त्यानंतर दोन वर्षांनी तात्यासाहेब गेले, झोपेत. तोवर पत्रं येत होती. चाळणीचं भोक बुजलं, नळीतून आवाज येतो, चिंच महाग झाली. गणोजी उत्तरं लिही, पण जावं लागलं नाही. तो असाच दुसरा नळ करून दुकानात टांगून बसला होता. लोक येत, बघत, आणि म्हणत, "हाताला कळतं की पाणी ऊन आहे ते. याची गरज काय?" टोंकखुर्द गावच्या एकाने नेला, तो आठ दिवसांत परत आणला, पाणी म्हणावं तसं कढत येत नाही म्हणाला. ज्याला कळत नाही त्याच्यासाठी आहे, हे गणोजीने किती जणांना सांगावं? पुढे पुढे तो सांगेनासा झाला.

जमुनाबाई माहेरी गेल्या. धारच्या घरात तात्यासाहेबांचा पुतण्या प्रतापराव राहायला आला. त्याने गणोजीला पत्र लिहिलं की नळाची खुंटी काढून द्यावी, आंघोळीला मजा येत नाही. गणोजीने कळवलं की खुंटी निघणार नाही. महिन्याभराने एक गाडीवान धारहून आला, त्याच्याकडून कळलं की प्रतापरावाने तिथल्या एका तांबटाला बोलावून पट्टी, चकती सगळं उपटून टाकलं आणि दोन साध्या तोट्या बसवून घेतल्या.

गणोजी तेव्हा एका घागरीला काठ बसवत होता. त्याने हातोडी खाली ठेवली.

सुभद्रा म्हणाली, "आता तुम्हाला काय त्याचं? तात्यासाहेब गेले. त्या पोराचे हातपाय धड आहेत."

"नळ चांगला चालत होता," गणोजी म्हणाला. त्या दिवशी त्याने गाडीवानाला त्या तांबटाचं नाव विचारून घेतलं, आणि पुढे आयुष्यभर धारचं कोणीही भेटलं की त्या माणसाबद्दल वाईट बोलत राहिला.